पायरीवरचं मीठ

हार्डवेअरच्या दुकानाबाहेर मिठाची पोती रचलेली दिसली की माझा हिवाळा सुरू होतो. बर्फ पडायला अजून अवकाश असतो, झाडांवर थोडी लाल पानं शिल्लक असतात, लोक जाकिटाची चेन न लावता फिरत असतात, आणि दाराशी ती जाड प्लॅस्टिकची पोती एकावर एक चढायला लागतात. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर आणि पायऱ्यांवर टाकायचं जाडं मीठ. इथली माणसं टीव्हीवर बर्फाचा अंदाज ऐकतात आणि मग एखादं पोतं उचलतात. मी दिवाळीच्या आधीच भरून ठेवते. एक पुढच्या दाराशी, एक मागच्या, एक गाडीच्या डिकीत आणि एक उगाच.

"लोणचं घालणार आहेस का गं?" श्रीकांत, माझा नवरा, दर वर्षी विचारतो.

मी दर वर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करते. घरात मीठ असलं की मला बरं वाटतं.

मी मूळची व्यवस्थित बाई. आमच्या फ्रिजवर यादी नाही असा दिवस नसतो. काय संपत आलंय, कुणाला फोन करायचाय, गाडीचं तेल कधी बदलायचंय. नागपूरहून न्यू जर्सीला आलो तेव्हा बॅगेत काय कुठे आहे हे मी बॅग न उघडता सांगत होते. घाबरल्यावर लोक देवाचं नाव घेतात, मी कागद घेते. पण २००४ संपून २००५ लागलं तो हिवाळा असा होता, की यादी लिहून झाली तरी मी ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला घ्यायचे.

सुरुवात गरम पाण्याने झाली. आयसेलिनजवळच्या टाउनहाउसमध्ये आम्ही त्याच उन्हाळ्यात राहायला आलो होतो. त्याआधी अपार्टमेंटमध्ये होतो, तिथे पायऱ्यांवरचा बर्फ काढणं हे दुसऱ्या कुणाचं काम होतं. इथे पायऱ्या आमच्या. छपराच्या पन्हळीतून दिवसभर थेंब गळायचे आणि संध्याकाळी त्यांचा पायरीवर एक जाड, खडबडीत थर व्हायचा. श्रीकांत ऑफिसमधून आला, बुटाने तो थर खरवडून पाहिला, आणि आत येऊन मोठं पातेलं गॅसवर चढवलं. नागपूरच्या कॉलेजातला मेकॅनिकल इंजिनिअर, इथे येऊन बँकेचे प्रोग्रॅम लिहीत असला तरी पाणी, वाफ, उष्णता या विषयांवर घरात शेवटचा शब्द त्याचाच. उकळतं पाणी पायरीवर ओतलं. वाफेचा ढग उठला, बर्फ कडकड करत सुटला. दाराशी उभी राहून मीही कौतुकाने पाहत होते.

"बघ," तो म्हणाला, "दोन मिनिटांत साफ. हे लोक उगाच फावडी घेऊन पाठी मोडून घेतात."

रात्री थंडी उतरली.

सकाळी मी स्वयंपाकघरात होते. श्रीकांत डबा घेऊन गाडी गरम करायला बाहेर पडला. मग मला डब्याचा आवाज आला. स्टीलचा डबा एका पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून खालच्या फरशीवर, आणि तिथे गोल गोल फिरत शांत झाला. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मेथीची भाजी सांडली. रागवायचं म्हणून मी दार उघडलं. तो पायऱ्यांच्या तळाशी बसल्यासारखा दिसत होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याच्या खाली नको त्या दिशेला वळला होता.

तो ओरडत नव्हता. "बाहेर येऊ नकोस," एवढंच म्हणाला. "पायरीकडे बघ."

पायरीवर काहीच नव्हतं. म्हणजे तसं वाटत होतं. वाकून पाहिलं तेव्हा दाराच्या दिव्याचं प्रतिबिंब दिसलं. काल ओतलेलं पाणी काचेसारखं गुळगुळीत होऊन तिन्ही पायऱ्यांवर पसरलं होतं.

अँब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला, त्याचं स्पेलिंग सांगितलं, आणि मग करायला काही उरलं नाही. तो माझ्यापासून चार हातांवर होता आणि मला त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं. शेवटी सोफ्यावरची रजई घेऊन मी उंबऱ्यावर बसले आणि लहान मूल घसरगुंडीवरून उतरतं तशी बसत बसत खाली गेले. त्याच्या अंगावर रजई घातली. रस्त्यावरून एक गाडी गेली, चालकाने आमच्याकडे पाहिलं नाही. नागपूरच्या गल्लीत कुणी सायकलवरून पडलं तर सगळ्यांच्या आधी पाण्याचा तांब्या यायचा, मग खुर्ची, मग सल्ले. इथे आमच्या दोघांच्या तोंडची वाफ तेवढी होती. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की आत्ता मी पडले तर आम्हाला उचलायला तिसरं माणूस नाही.

ही भीती नंतर वसंत ऋतू येईपर्यंत गेली नाही. खरं सांगायचं तर पुरती कधीच गेली नाही.

ऑपरेशन झालं. नडगीच्या वरच्या टोकाला प्लेट बसवली, स्क्रू बसवले. डॉक्टर तरुण होता, हसरा होता, काळजी करू नका म्हणाला. हाड जुळेल, हा पाय जमिनीला टेकवायचा नाही, मी सांगेन तेव्हाच टेकवायचा. आणि दाराशी जाऊन परत वळून म्हणाला, "फक्त पुन्हा पडू देऊ नका. आत्ता पुन्हा पडले, तर हा पाय पूर्वीसारखा होईल असं मला सांगता येणार नाही."

त्याला ते वाक्य दारातून बाहेर पडता पडता सुचलं असावं. मी ते घरी आणलं आणि त्याच्यावर सगळं घर रचलं.

गालिचे गुंडाळून तळघरात टाकले, कारण वॉकरचा पाय काठाला अडकतो. दिव्यांच्या वायरी भिंतीला चिकटवल्या. झोपायच्या खोल्या वर, म्हणून दिवाणखान्यात पलंग मांडला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर पाण्याचा थेंब दिसला की मी हातातलं सोडून पुसायचे. भांडी घासताना शिंतोडे उडू नयेत म्हणून नळ बारीक सोडायचे. इतकी वर्षं मी पाण्याच्या बाबतीत उदार बाई होते. त्या हिवाळ्यात प्रत्येक थेंब माझ्याकडे बघत असायचा.

रोज संध्याकाळी त्याच्या पोटात एक इंजेक्शन द्यायचं होतं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. गुठळी हा शब्द मी तोवर पिठल्यापुरता वापरला होता. नर्सने सांगितलं की ती पायात होते आणि वर छातीत जाऊ शकते, आणि मग मान हलवली फक्त. त्यानंतर श्रीकांत खोकला की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं.

"ठसका लागला नुसता," तो ओरडून सांगायचा. "जिवंत आहे. पोळी जळेल तुझी."

इंजेक्शन देताना तो छताकडे पाहत काही तरी बोलत राहायचा, ऑफिसचं, क्रिकेटचं. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली होती, पण किती दिवस हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. नोकरीवर व्हिसा आणि व्हिसावर सगळं घर टांगलेलं, हे इथल्या आमच्यासारख्या कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. पण माझी भीती तिथवर पोचतच नव्हती. ती फार जवळची होती. बाथरूमचा उंबरा, ओला टॉवेल, जमिनीवर पडलेलं वर्तमानपत्र.

मंदाकाकू रविवार सोडून कुठल्याही दिवशी येत. इथे आमच्या आधी पंचवीस-तीस वर्षं आलेल्या, नवरा गेलेला, मुलं दूर, गाडी अजून स्वतः चालवायच्या आणि बर्फातही चालवायच्या. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत आमटी आणि कोबीची भाजी आणायच्या, आणि एका डब्यात डिंकाचे लाडू. हाड जुळायला. शहरातल्या सगळ्या मराठी बायकांना एकाच वेळी डिंक आठवला होता. आमच्या घरात लाडवांना ठेवायला जागा नव्हती.

"इंजिनिअर ना रे तू?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "पाणी रात्री गोठतं हे शिकवलं नव्हतं का कॉलेजात?"

"काकू, नागपूरच्या कॉलेजात फक्त उकळायचं शिकवतात."

"मग तिकडेच उकळत बसायचं होतंस. हिला कशाला ताप?" आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "जेवतेस ना गं तू? तोंड बघ केवढंसं झालंय."

मी म्हटलं, जेवते. मला आजारी पडायची परवानगी नव्हती, हे मला काकूंना सांगता आलं नाही. कचऱ्याची पिशवी टाकायला मी बदकासारखी फताडे पाय टाकत जायचे. पोस्टाची पेटी रस्त्याच्या टोकाला होती, तिथली पत्रं आठवडा आठवडा पडून राहायची.

तपासणीसाठी डॉक्टरकडे न्यायचं ते मीच. माझ्याकडे लायसन्स होतं, पण माझं गाडी चालवणं म्हणजे ओक ट्री रोडवरची वाण्याची दुकानं, देऊळ आणि परत. पार्कवेच्या हायवेवर मी कधी गेले नव्हते. श्रीकांत मागच्या सीटवर पाय लांब करून आडवा बसला होता आणि आरशात त्याचं अर्धं डोकं दिसत होतं. भुरभुर बर्फ पडायला लागला होता. दोन्ही बाजूंनी ट्रक, त्यांच्या चाकांतून उडणारा करडा चिखल काचेवर, वायपर तो पसरवतोय.

"लेन बदल."

"गप्प बैस."

"अगं आपली एक्झिट..."

"श्रीकांत, तू एक अक्षर बोललास तर मी गाडी इथेच उभी करेन."

एक्झिट गेली. त्याच्या पुढचीही गेली, कारण उजवीकडे वळायला जागा मिळाली नाही. मी सरळ जात राहिले. पाठीतून घाम निथळत होता. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "समुद्र लागला की थांब बरं का." मला हसू आलं नाही, पण स्टिअरिंगवरची बोटं थोडी सैल झाली. पोचलो. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर मी दार उघडलं आणि माझे पाय जमिनीवर उभे राहीनात. दोघांपैकी मोडलेला पाय कुणाचा, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

रविवारी सकाळी नागपूरला फोन. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. सांगून काय उपयोग, त्यांना येता येणार नाही, नुसत्या रात्र रात्र जागतील. इथली सगळी घरं हेच करतात. तिकडची आजारपणं आम्हाला बरी झाल्यावर कळतात, इथली त्यांना.

पण श्रीकांतची एक सवय आम्ही विसरलो होतो. तो फोनवर कधी बसून बोलत नाही. कॉर्डलेस कानाला लावला की दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून दिवाणखाना, अशा येरझाऱ्या. ती वेळ माझ्या वरणभाताची. त्यामुळे सासूबाईंना दर रविवारी आमच्या कुकरची शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना ऐकू यायची. त्यांनी आमचं घर कधी पाहिलं नव्हतं. पण ते लांबोडकं आहे हे त्यांना त्या शिट्टीवरून माहीत होतं.

"काहून रे," त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं, "आज बसून बोलून राहिला?"

"दमलो गं आई. ऑफिसचं काम."

"हं," सासूबाई म्हणाल्या. स्पीकर चालू होता, मीही ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या आणि मग भाव, हवा, शेजारच्यांची मुलगी यांवर आल्या. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. पण फोन लवकर ठेवायला लागल्या. बसून बोलायला श्रीकांतला सुचत नव्हतं, आणि त्यांना ऐकायला काही हलत नव्हतं.

एके दिवशी दुपारी ऊन पडलं होतं म्हणून मी धीर करून पत्रं आणायला गेले. परत आले तर खुर्ची रिकामी. पलंग रिकामा. वॉकर जिन्याच्या तळाशी एकटा उभा होता, त्याच्या पायांना लावलेल्या पिवळ्या टेनिस बॉलांसकट. मी हाक मारली. हाकेला उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्यात डबा पायऱ्यांवरून गडगडत गेला, गुठळी वर चढली, डॉक्टर दारातून मागे वळला.

"वर आहे," श्रीकांत म्हणाला.

तो जिन्यावर बसत बसत, एकेक पायरी मागे सरकत वर गेला होता आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसून खिडकीतून बाहेर बघत होता. चेहरा घामेजलेला आणि खूश. "इथून तळं दिसतं माहितेय? सगळं गोठलंय. खालून काहीच दिसत नाही गं, नुसती भिंत."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज एवढा चढला की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. शेवटी म्हटलं, "पुन्हा पडशील! पुन्हा पडलास तर तुला काही कळतंय का काय होईल?"

तो खाली आला. माझ्याकडे न बघता. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुझ्या यादीत एक राहिलंय. अडखळायच्या जागांच्या."

"काय?"

"तू. मी उठलो की तू आडवी असतेस."

चेष्टा होती. पण नंतर तो उठेनासा झाला. मी जे सांगेन ते करायचा, पाणी मागायचा, वाचत बसायचा. घरात इतकी शांतता की टेनिस बॉलांचा घासल्याचा आवाजही नाही. मला आधी वाटलं, बरं झालं, शहाणा झाला. मग तपासणीत डॉक्टर म्हणाला, हाड छान जुळलंय, आता टेकवा पाय, काठी घ्या आणि चाला. घरी व्यायाम शिकवायला बाई यायची. तिने त्याला उभं केलं, काठी दिली. तो डावा पाय टेकवेना. एका पायावर उभा राहून तिच्या खांद्याला घट्ट धरून राहिला.

"नको," तो मला मराठीत म्हणाला. "पुन्हा पडेन."

ते वाक्य माझं होतं. माझ्याच आवाजातलं. इतके दिवस मी ते फरशी पुसताना, औषध देताना, दाराची कडी लावताना म्हणत होते. आता ते त्याच्या तोंडात जाऊन बसलं होतं आणि तिथून ते कसं काढायचं, हे मला कुठल्याही कागदावर लिहिता येत नव्हतं. बाई येत राहिली. तो दोन पावलं टाकायचा आणि बसायचा. बाहेर बर्फ मळका होऊन रस्त्याच्या कडेला साचला होता. हाड जुळलं आणि माणूस बसला, असं व्हायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाला होता त्यापेक्षा हे वेगळं, पण पाय पूर्वीसारखा होणार नव्हता तो नव्हताच.

मग एक रविवार. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात आलेलं, कुकर चढवलेला. फोन मी लावला, सासूबाईंशी बोलले, तब्येत विचारली. मग दर वेळी मी तो खुर्चीत नेऊन देत असे. त्या दिवशी पाय निघाले नाहीत. आधी ठरवलं नव्हतं. मी फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि म्हटलं, "श्रीकांत, आईंचा फोन. इथे आहे."

"आण ना."

"माझे हात पिठाचे आहेत."

पीठ नव्हतं. मी पाठ वळवून परातीत पीठ घेतलं आणि पाणी ओतलं, घाईत जास्तच ओतलं. मागे वळून पाहिलं असतं तर धावले असते. फोनमधून सासूबाईंचा आवाज, "श्री? आहेस का रे?" खुर्ची कुरकुरली. मग काठीचा टोकदार आवाज. गालिचे काढलेले होते, लाकडी जमीन उघडी, खाली तळघर पोकळ. प्रत्येक पाऊल ढोलावर पडल्यासारखं वाजत होतं. काठी. उजवा. मग काहीच नाही. मी पीठ मुठीत दाबून धरलं. मग डावा.

"आलो गं आई, आलो," तो म्हणाला. पण तो ओट्याशी थांबला नाही. फोन उचलला आणि परत वळला. मागून कुकरची शिट्टी झाली आणि तो तिच्यापासून लांब गेला, भिंतीला हात लावून परत आला. नागपूरला काय भाव चालू आहेत यावर बराच वेळ बोलला. मी एकदाही वळले नाही. कणीक इतकी सैल झाली होती की शेवटी तिची धिरडी करावी लागली.

मग त्याने फोन माझ्या कानाला लावला, माझे हात खरंच पिठाचे होते म्हणून.

"माधुरी," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा एक पाय मागून पडून राहिला. लक्ष दे जरा."

"हो आई," मी म्हटलं.

त्यांनी काय झालं विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. आम्हीही सांगितलेलं नाही.

आज सकाळी या वर्षीचं पहिलं दहिवर पडलं. गवत पांढरं, गाड्यांच्या काचा पांढऱ्या. मी पोहे परतत होते आणि श्रीकांत मिठाचा डबा घेऊन बाहेर गेला. पायरीवर मीठ पडल्याचा आवाज मला ओट्याशी ऐकू येतो, जाडी मोहरी सांडावी तसा. मी खिडकीशी जात नाही. तेवढं मी स्वतःला शिकवलंय. पण एक्झॉस्टचा पंखा बंद करते. एक पाऊल पडतं, मग किंचित उशिरा दुसरं. मधल्या त्या फटीत माझ्या हातातला कालथा थांबतो. दुसरं पडलं, की पुन्हा पोहे परतते.